पुडी नंबर सतरा

पुडी तळहातावर पडली आणि उघडायच्या आधीच मला कळलं, हे लेड आहे.

बटर पेपरची अंगठ्याएवढी पुडी, वर लाल पेन्सिलीनं ‘१७’. आत कोणता क्षार आहे ते तीन तासांत शोधायचं आणि लिहून द्यायचं, ही आमची बी.एस्सी. पहिल्या वर्षाची रसायनाची प्रॅक्टिकल परीक्षा. बाकीच्या पोरी पुड्या उघडून रंग बघत होत्या, वास घेत होत्या, एकजण तर डोळे मिटून स्तोत्र पुटपुटत होती. मी नुसतं वजन बघितलं. पांढरे क्षार पुष्कळ असतात, पण एवढीशी पुडी अशी जड बसते ती शिशाचीच. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. शाळा सुटली की मी या लॅबच्या स्टोअररूममध्ये येऊन बसायची, आणि खेळायला तिथं बाटल्यांशिवाय दुसरं काही नव्हतं.

तर उत्तर मला पहिल्या मिनिटाला येत होतं. अडचण एवढीच होती की मला नापास व्हायचं होतं.

हे आधीच सांगून टाकते. मला बी.एस्सी. सोडून बी.ए.ला जायचं होतं. पास झालेल्या मुलीनं शाखा बदलायची तर ऑफिसातून एक अर्ज मिळायचा. त्याला पालकांची सही लागायची आणि सहीच्या वर एक रकाना होता, ‘शाखा बदलण्याचे कारण’. तो रकाना मला भरता येत नव्हता. कुणी तोंडी विचारलं तर भूगोल आवडतो म्हणून सांगायचं ठरवलं होतं, पण ते घरात टिकलं नसतं. नापास मुलीला मात्र कुणी कारण विचारत नाही. झेपलं नाही बिचारीला, म्हणतात, आणि आर्ट्सच्या रांगेत नव्यानं उभी करतात. वर्षभर विचार करून मी हा उपाय काढला होता. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या मानानं तो बराच हुशारीचा होता, असं मला आज पन्नाशी ओलांडल्यावरही वाटतं.

“मामा, एचसीएल!”

“मामा, बर्नर विझला हो!”

“मामा, फुटली! देवाशप्पथ हात नाही लावला, आपोआप फुटली!”

“आपोआप माणूस मरतो, नळी नाही फुटत,” मामा म्हणाले आणि झाडू आणायला गेले.

मामा म्हणजे लॅब अटेंडंट. आमच्याकडच्या कॉलेजांत शिपायाला, अटेंडंटला सगळी पोरं मामाच म्हणतात. रसायनच्या मामांचं नाव वैजनाथ तोडकर. खाकी कपडे, खांद्यावर फडकं. मी रत्नमाला वैजनाथ तोडकर. घरी मी त्यांना अण्णा म्हणायची. लॅबमध्ये काहीच म्हणायची नाही.

अण्णा सातवी शिकलेले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण बाटल्यांवरचं सगळं वाचता यायचं. परीक्षेच्या आदल्या दिवशी बिडवे सर, आमचे विभागप्रमुख, यादी द्यायचे आणि अण्णा दार लावून पुड्या बांधायचे. कोणत्या नंबरात काय आहे हे त्या दोघांनाच ठाऊक. दुसरीकडच्या कॉलेजांत अटेंडंट हळूच सांगून टाकतात, त्याबद्दल त्यांना कुठं नारळ-पेढे मिळतात, कुठं शर्टपीस. अण्णांना बावीस वर्षं पोरं विचारत आली होती. “मामा, काय आहे हो पुडीत?”

“मीठ आहे. चाखू नको तेवढं.”

बावीस वर्षं हे एकच उत्तर. संस्थेच्या एका बड्या माणसाचा पुतण्या गाडी घेऊन घरी आला होता, त्यालाही हेच सांगितलं आणि वर चहा पाजला.

तर मी लिहायला लागले. लॅबमध्ये लेड म्हणजे नायट्रेटच; ते तापवलं की तडतडतं, तपकिरी धूर येतो. मी नळी तापवलीच नाही. ‘धूर नाही’ असं लिहिलं. ज्योतीवर न धरता ‘ज्योत हिरवी’ लिहिलं. असं करत करत बेरियमच्या वाटेला लागले. खोटं लिहायचं तर ते एकमेकांशी जुळायला लागतं, सहज चुकलंय असं दिसायला लागतं. खरं सांगते, पास होण्यापेक्षा त्याला जास्त अभ्यास लागतो.

अण्णा पाण्याची बाटली भरायला माझ्या टेबलाशी आले. त्यांची नजर माझ्या कागदावर गेली. पुढच्या टेबलावर ते गेले खरे, पण तिथल्या पोराला ॲसिडऐवजी अमोनिया देऊन बसले. असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. पाच मिनिटांनी ते परत आले, माझ्या बर्नरची रबरी नळी नीट बसवायला वाकले. ती नीटच होती.

“लेड,” ते नळीशी बोलल्यासारखं म्हणाले. “नायट्रेट.”

मी वर बघितलं नाही. त्यांचा हात तेवढा दिसत होता.

ते सरळ झाले, फडकं झटकलं आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

आता मी काय करू? बेरियम लिहिलं तर त्यांना कळणार की पोरगी मुद्दाम बुडाली. बावीस वर्षं जे कुणाला दिलं नाही ते त्यांनी एका क्षणात माझ्यापुढं टाकलं होतं, तेही वाया जाणार. लेड लिहिलं तर मी पास. पास म्हणजे दुसरं वर्ष, तिसरं वर्ष, हीच लॅब, हेच टेबल. मी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. घड्याळात पाऊण तास उरला होता. मग सगळं खोडलं आणि भराभर खरं लिहून काढलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कागद बघून, “शाब्बास, उशिरा का होईना सापडलं,” म्हणून शेरा दिला.

संध्याकाळी मी व्हरांड्यात अण्णांची वाट बघत थांबले. आम्ही रोज बरोबरच घरी जायचो, म्हणजे ते सायकल घेऊन पुढं आणि मी चार पावलं मागं. सगळ्या नळ्या धुऊन झाल्या, दिवे बंद झाले, पण ते बाहेर आले नाहीत. बिडवे सरांच्या केबिनचं दार लोटलेलं होतं. बऱ्याच वेळानं अण्णा त्या दारातून बाहेर पडले.

“चल माय,” एवढंच म्हणाले. घरी जेवले नाहीत. आईनं विचारलं तर म्हणाले, “ॲसिडचा वास डोक्यात गेलाय.” बावीस वर्षं त्या वासात काढलेला माणूस हे सांगतोय, आणि आईनं ते ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“बस. वैजनाथ काल माझ्याकडे आले होते. सतरा नंबर फोडला म्हणाले.”

मी खुर्चीच्या कडेवर बसले.

“तुला आधी येत होतं की नव्हतं, ते मी विचारणार नाही. विचारून काय उपयोग? मार्कांची यादी अजून सीलबंद झालेली नाही. परीक्षकांना एवढंच सांगितलंय की पुडीत भेसळ होती. आज सकाळच्या बॅचला नव्यानं बस. पुडी मी स्वतः बांधली आहे.”

“आणि अण्णा?”

“ते आज आत येणार नाहीत.”

अण्णा बाहेर बाकावर बसले होते. टोपी गुडघ्यावर, फडकं घडी करून बाजूला.

“कशाला सांगितलंत सरांना?” मी विचारलं. “कुणाला कळलं होतं?”

“मला कळलं होतं की.”

“म्हणून काय सांगायचं?”

“मग काय करू? मीच पुड्या बांधायच्या आणि मीच फोडायच्या? उद्या एखादं लेकरू विचारायला आलं तर त्याला मीठ आहे म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?” मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, “तू भिऊ नको. शांत डोक्यानं कर. पाणी पिऊन जा.”

मी आत गेले. आता नापास होण्याची सोयसुद्धा राहिली नव्हती. आज नापास झाले असते तर कालचं सगळं त्यांनीच लिहून दिल्यासारखं झालं असतं. सरांनी मनात तसंच धरलं असतं, आणि अण्णांनीही जन्मभर तेच धरून ठेवलं असतं. म्हणजे मला पास व्हायचं होतं, आणि चांगलं पास व्हायचं होतं.

सरांची पुडी हलकी होती. वजनावरून काही कळेना. वर्षभरात पहिल्यांदा मी खरोखर शोधायला बसले. ॲसिड टाकलं, फसफसलं, म्हणजे कार्बोनेट. थोडा क्षार कोरड्या नळीत घेऊन तापवला. पांढरी पूड हळूहळू पिवळी व्हायला लागली. मी नळी ज्योतीवरून काढली, ती थंड व्हायला लागली आणि पिवळं बघता बघता परत पांढरं झालं. जस्त! असं येऊन जाणारं पिवळं फक्त जस्ताचं. मला हसू फुटलं. मी नळी उंच धरून, दाखवायला म्हणून मान वर केली. खिडकीशी कुणी नव्हतं. मग मी ती तशीच स्टँडमध्ये ठेवली.

पुढच्या चाचण्या करायला चाळीस मिनिटं लागली. सरांनी कागद घेतला, वाचला आणि टेबलावर उपडा ठेवला. थोड्या वेळानं अण्णांनाही आत बोलावलं. आम्ही दोघं त्यांच्यासमोर उभे, एकाच गुन्ह्यात धरल्यासारखे.

“मुलगी तुमच्या सांगण्यावर पास झालेली नाही, वैजनाथ. एवढं समाधान ठेवा,” सर म्हणाले. “पण चूक माझी आहे. बाप पुड्या बांधतो त्या लॅबमध्ये मुलीला वर्षभर ठेवलं. पुढल्या वर्षी हे चालणार नाही. जूनपासून या लॅबमध्ये तुमच्यापैकी एकच राहील.”

आमच्या कॉलेजात बी.एस्सी. म्हटलं की रसायन आलंच. दुसरं सायन्स कॉलेज साठ किलोमीटरवर, आणि मला तिथं एकटीला पाठवणं घरात कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. म्हणजे मी राहिले तर अण्णांनी लॅब सोडायची. अण्णा राहिले तर मी शाखा बदलायची.

“दहा जूनपर्यंत सांगा,” सर म्हणाले.

“आत्ताच सांगतो की,” अण्णा म्हणाले. “मला गेटवर टाका. तिथला म्हातारा रिटायर व्हायलाय.”

“विचार करा, वैजनाथ.”

“केला.”

घरी येताना ते चक्क खुशीत होते. गेटवर लिंबाची सावली आहे, बसायला खुर्ची देतेत, तास झाला की घंटा मारायची, सायकली बघायच्या, ॲसिडनं कपड्यांना भोकं पडायची नाहीत, आईचं शिवणकाम वाचलं. रस्ताभर हेच. घरी जाऊन आईलाही तेच सांगितलं.

आई म्हणाली, “मग बावीस वर्षं काय करायलाव तिथं? आधीच जायचं की गेटवर.”

अण्णा सायकलीला तेल घालायला बाहेर गेले.

वर्षभर ज्याच्यासाठी देव पाण्यात घातले ते असं समोर येऊन उभं राहिलं होतं. मला शाखा बदलायची मोकळीक मिळाली होती, उलट दोघांपैकी कुणाला तरी बाजूला व्हावंच लागणार होतं. आणि माझ्या डोळ्यांपुढून ते पिवळं जाईना. ज्या दिवशी ती लॅब मला पहिल्यांदा हवीशी वाटली, त्याच दिवशी तिची किंमत सांगितली गेली होती.

मे महिन्यात लॅब बंद असते तेव्हा अण्णा सगळ्या बाटल्या खाली काढायचे. जुनी लेबलं ॲसिडच्या वाफेनं खाल्लेली असतात. ती भिजवून काढायची, नवी लिहायची, डिंकानं चिकटवायची आणि वरून वितळलेलं मेण फिरवायचं, म्हणजे वर्षभर अक्षर टिकतं. माझं अक्षर चांगलं म्हणून आठवीपासून लेबलं मी लिहायची. त्या वर्षीही गेले. तीनशेच्या वर बाटल्या फरशीवर रांगेनं. फिजिक्सच्या अटेंडंटला जूनपासून इथं आणणार होते. अण्णा त्याच्यासाठी प्रत्येक कपाटावर खडूनं काहीबाही खुणा करून ठेवत होते. मध्येच एखादी बाटली उचलायचे, फडक्यानं पुसायचे, परत तिथंच ठेवायचे. एकच बाटली तीनदा पुसलेली मी बघितली.

मी पर्समधून अर्ज काढला.

“अण्णा, यावर सही पाहिजे.”

त्यांनी वाचला. परत माझ्या पुढ्यात ठेवला.

“नाही.”

“मला बी.ए.ला जायचंय. भूगोल आवडतो मला.”

“कधीपासून?”

“झाले दिवस.”

“मला खुळा समजायलीस का? माझ्यासाठी जायलीस तू. मी गेटवर बसणार हे बघवेना तुला. गेटवरली माणसं माणसं नाहीत का?”

“तुमच्यासाठी नाही.”

“मग सांग, पृथ्वीवर समुद्र किती?”

“अण्णा!”

“सांग की. भूगोल आवडतो ना?”

मी पाच म्हणाले. किती आहेत ते मला त्या वेळी खरंच नक्की ठाऊक नव्हतं. ते हसले आणि मेणाचं भांडं शेगडीवर ठेवायला वळले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

मला दिसत होतं की अशानं होणार नाही. मी काहीही म्हटलं तरी ते माझा त्याग म्हणून परत करणार. मग मी खरं सांगायला सुरुवात केली.

“सतरा नंबर मला आधीच कळलं होतं. तुम्ही सांगायच्या आधी. हातात घेतल्या घेतल्या.”

“काहीतरीच बोलू नको.”

“बघा मग.”

त्यांनी फरशीवरून लेबल काढलेल्या दोन बाटल्या उचलल्या, दोन्हीत पांढरी पूड. माझ्या हातात दिल्या.

“ही बेरियम,” मी म्हणाले. “ही कॅल्शियम. आणि तुमच्या पायाशी आहे ती स्ट्राँशियम. वरच्या फळीवर कोपऱ्यात लेड असतं, ते तुम्ही अजून काढलेलं नाही.”

अण्णांनी बाटल्या माझ्या हातून घेऊन खाली ठेवल्या. मग म्हणाले, “मग त्या दिवशी बेरियम का लिहायली होतीस?”

“नापास व्हायचं होतं.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम. नापास झाले की आर्ट्सला जाता येतं, कारण सांगावं लागत नाही.”

“कारण काय पण? विषय येत नाही म्हणावं तर येतो तुला. आवडत नाही?”

“आवडतो.”

“मग काय?”

मेण वितळायला लागलं होतं. मी त्याच्याकडे बघत बोलले, कारण त्यांच्याकडे बघून मला ते बोलता आलं नसतं.

“मला लाज वाटते. पोरं तुम्हाला मामा, मामा करतात. बोटांनी खुणावून बोलावतात. तुम्ही त्यांच्या नळ्या धुता, आणि मी तिथं पांढरा अ‍ॅप्रन घालून उभी. कुणाला कळू नये असं वाटतं, की तुम्ही माझे...”

पुढचं वाक्य मी पुरं केलं नाही. गरज नव्हती. वर्षभर ते माझ्याजवळ पुरं तयार होतं.

अण्णांनी हात पुसले. एकेक बोट पुसलं. माझ्या पुढ्यातला अर्ज ओढून घेतला, माझंच पेन घेतलं आणि बाटलीच्या खोक्यावर ठेवून सही केली. वै. गं. तोडकर. त्यांची सही नेहमी फार सावकाश व्हायची, प्रत्येक अक्षर वेगळं. मग वरच्या रकान्यावर बोट ठेवलं.

“इथं काय लिहायचं?”

“मी लिहीन. भूगोलाची आवड.”

“हां. तेच लिही.” त्यांनी पेन मला परत दिलं, पण अर्ज सोडला नाही. तळहात त्याच्यावर तसाच होता. “मला ठाऊक होतं ते.”

“काय?”

“तू आता बोललीस ते. पहिल्या आठवड्यापासूनच. तुझ्या आईला नाही सांगितलं. म्हटलं, लेकरू आहे. जाईल हळूहळू.”

ती लाज गेली होती, पिवळं दाखवायला मी मान वर केली तेव्हाच. ते शब्द माझ्या तोंडाशी आले होते. पण अर्ज त्यांच्या हाताखाली होता, आणि सहीची शाई अजून ओली होती. हे ऐकलं असतं तर त्यांनी तो माझ्यादेखत शेगडीत घातला असता. मी शाई वाळेपर्यंत गप्प बसले. मग त्यांच्या हाताखालून कागद अलगद ओढून घेतला, घडी केली, पर्समध्ये टाकला आणि पुढच्या बाटलीचं लेबल लिहायला घेतलं.